ग्रामकृती दलात कोण नव्हतं?

मालगुंडला केशवसुतांचं स्मारक पाहून परतणाऱ्या पर्यटकांच्या एक गोष्ट क्वचितच लक्षात राहते. हा कवी १९०५ मध्ये हुबळीत प्लेगने गेला, तेव्हा त्याने चाळिशीही गाठली नव्हती. साथ कोकणच्या माणसाला नवी नाही.

२०२० मध्ये ती कोरोनाच्या रूपाने आली आणि कोकणात गावोगाव ग्रामकृती दलं उभी राहिली. मुंबईहून आलेला चाकरमानी कुठे उतरला, शाळेत विलगीकरणात कोण, सगळ्यावर त्यांची नजर. मनाला आधार म्हणून मात्र हाती आला एक फोन नंबर. ७ सप्टेंबर २०२० ला केंद्राने ‘किरण’ हेल्पलाइन सुरू केली. चोवीस तास, मराठीसह १३ भाषांत. गंमत अशी, की ती सुरू केली दिव्यांगांसाठीच्याच विभागाने, आणि त्या तेरा भाषांत सांकेतिक भाषा नव्हती.

आरोग्य केंद्राच्या खिडकीशी उभी असलेली कर्णबधिर बाई डोळ्यांसमोर आणा. एरवी ओठांवरून निम्मं तरी कळायचं. आता नर्सच्या मास्कवर नुसते दोन डोळे. नर्स आवाज चढवते. मागची रांग चुळबुळते. बाई मान डोलावते आणि काहीच न कळता घरी जाते. तिच्या जिवाची घालमेल फोनवर कोणाला कळणार? व्हिडिओ कॉलवर हातांनी बोलता येईल, पण वाडीत रेंज मिळते ती एखाद्या आंब्याखाली. अंध माणूस तर दुसऱ्याचा दंड धरून चालतो. ‘दो गज की दूरी’ म्हणजे त्याला घरात बसण्याचा हुकूमच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या आठव्या कलमानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवायची असते. कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत मानसिक आजारही आहे, म्हणजे रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून घरी परतलेला माणूसही त्यात येऊ शकतो. एसटी बंद झाली की महिन्याची गोळी चुकणार, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. ग्रामकृती दलात घेऊन त्याला विचारायला हवं होतं, इतकंच.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. त्यातून आशाताईंना सांकेतिक भाषेची जुजबी ओळख करून देता येईल. पण आधी काय शिकायचं, हे त्या खिडकीवरच्या बाईने ठरवावं. त्यासाठी पुढच्या ग्रामसभेत तिला खुर्ची लागेल आणि शेजारी दुभाषी.