आळस नव्हे, पोट बघा!

शनिवारची संध्याकाळ म्हणजे माझ्या क्लिनिकमध्ये नोकरीवाल्या आई-बाबांची वेळ. ताप, खोकला, लस... सगळं मोठ्या आवाजात सांगून होतं. मग उठता उठता आई हळूच म्हणते, ‘‘डॉक्टर, अजून एक होतं...’’ बाबा मोबाइलमध्ये डोकं घालतात. मला कळतं, विषय शूचा आहे.

पोरगं दुसरी-तिसरीतलं. स्विमिंगला जातं, मोबाइल आपल्यापेक्षा भारी चालवतं आणि आठवड्यातून दोनदा ओल्या चड्डीत घरी येतं. टीचरचा फोन नेमका मीटिंगमध्ये! घरात निकाल कधीच लागलेला असतो. आळशी आहे, खेळायच्या नादात जात नाही, मुद्दाम करतो. आजींचं निदान तर ठरलेलंच : आई नोकरी करते ना, म्हणून! बॉस, हे सगळं जरा बाजूला ठेवा. टेन्शनमुळेही असं होतं, नाही असं नाही. पण आधी शरीर तपासायचं.

माझा पहिला प्रश्न शूचा नसतोच. मी विचारते, ‘‘शी कशी होते?’’ दोघं एकमेकांकडे बघतात. सात वर्षांच्या मुलाची शी कोण बघतं? पण गोची बहुतेकदा तिथेच असते. मूत्राशय आणि मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक हे सख्खे शेजारी. आतड्यात कडक शी साठली की ती मूत्राशयावर दाब देते. त्याला जागा पुरत नाही, ते मध्येच आकुंचन पावतं आणि धड रिकामंही होत नाही. आणि हो, रोज शी होणाऱ्या मुलालाही बद्धकोष्ठ असू शकतं. थोडी बाहेर, बाकीची आतच. खडे होणं, दुखणं, कमोड तुंबेल एवढी मोठी शी, चड्डीला डाग, या त्याच्या खुणा. पोट नीट साफ व्हायला लागलं की कित्येकांची चड्डीही कोरडी राहायला लागते. मात्र औषध काही महिने चालतं. रविवारी एकदा एरंडेल पाजून भागत नाही.

दुसरी भानगड शाळेच्या टॉयलेटची. ऑफिसमध्ये टिश्यू संपला तरी आपण ॲडमिनला मेल टाकतो. मुलं मात्र वास येतो, कडी मोडकी आहे, पाणी नाही म्हणून सकाळपासून दाबून धरतात. पाय आवळून उभं राहणं, टाचेवर बसणं ही त्याचीच लक्षणं. लघवी साठून राहिली की जंतूंचं फावतं. मग जळजळ, पोटदुखी, सारखी घाई, कधी ताप. मुलींमध्ये हे जास्त. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर केलं की कळतं.

एका बाबतीत मात्र शनिवारची वाट बघू नका. चांगलं कोरडं राहणारं मूल अचानक ओलं करायला लागलं, घटाघटा पाणी पितंय, वजन उतरतंय... त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. टाइप १ डायबेटिस मुलांत असाच येतो आणि उशीर झाला तर थेट आयसीयू गाठावा लागतो.

क्वचित दिसणारी कारणंही आहेत. मुलीची चड्डी दिवसभर थेंब थेंब ओलीच राहत असेल, तर मूत्रवाहिनी भलत्या जागी उघडत असू शकते. मुलाची धार बारीक असेल, जोर लावावा लागत असेल, तर मार्गात अडथळा असू शकतो. माकडहाडाजवळ खोल खळगा किंवा केसांचा पुंजका दिसला, तर मज्जारज्जूची तपासणी लागते.

फक्त रात्री गादी ओली होणं हे वेगळं प्रकरण. पाचव्या वर्षी साधारण सात मुलांत एकाचं असं होतं आणि बहुतेकांचं वयानुसार थांबतं. हे घराण्यातही चालतं. ‘‘लहानपणी तुमचं कसं होतं?’’ असं विचारलं की बाबा मोबाइलमधून डोकं वर काढतात! मूल घोरत असेल तर टॉन्सिल आणि ॲडेनॉइडही बघून घ्यायचे.

येताना एक काम करा. सुटीचे दोन दिवस वही ठेवा. किती वाजता शू, मापाच्या कपात किती, पाणी किती प्यायलं, शी कधी झाली. वयात एक मिळवून ३०ने गुणलं की मूत्राशयात अंदाजे किती मिलिलिटर मावतं ते कळतं; सात वर्षांच्या मुलाचं २४०. चड्डी ओली होते म्हणून पाणी तोडू नका, त्यानं शी आणखी कडक होते. शाळेसाठी चिठ्ठी मी देते : दर दोन-तीन तासांनी सोडा, मधेच मागितलं तरी सोडा आणि वर्गासमोर उभं करू नका.