जुन्या गाडीचे इंजिन आणि नवे हिशेब

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क दहा हजार रुपये केले. त्याआधी १ एप्रिल २०२२ रोजी पंधरा वर्षांवरील मोटारींसाठी हेच शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर नेण्यात आले होते. आणि मग २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत लहान मोटारी आणि वाहनांचे सुटे भाग या दोहोंवरील कर १८ टक्क्यांवर आला. म्हणजे जुनी गाडी ठेवणे महाग, नवी घेणे स्वस्त, आणि जुनी दुरुस्त करणेही काहीसे स्वस्त, अशा तीन दिशांनी एकाच घरावर ओढ पडली आहे.

ही ओढ पुण्या-मुंबईपेक्षा पालमसारख्या तालुक्याच्या गावी अधिक जाणवते. २०१०-११ मध्ये मोठ्या हौसेने घेतलेल्या एमएच-२२ क्रमांकाच्या मारुती ८०० किंवा इंडिका, आणि त्याहून जुन्या सुमो, यांची पंधरा वर्षे भरली आहेत किंवा भरत आली आहेत. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्येच थांबले. गाडी मात्र अंगणात उभी आहे, आणि रात्री-अपरात्री गंगाखेड, परभणी किंवा नांदेडचा दवाखाना गाठायचा तर तिच्याशिवाय गत्यंतर नसते. अशा गाडीचा 'पिकअप' गेला, सकाळी स्टार्टर दहादा मारावा लागू लागला, ऑइल कमी होऊ लागले, की गॅरेजमधून ठरलेला निदानवजा निकाल येतो: ‘कॉम्प्रेशन गेले, इंजिनाचे काम करावे लागेल.’

येथेच थांबण्याची गरज आहे. कॉम्प्रेशन कमी होणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते. तो दाब टिकला तरच स्फोटाला जोर येतो. दाब निसटण्याच्या वाटा अनेक आहेत. रिंगा व बोअर झिजले तर तो खाली ऑइलच्या चेंबरात जातो, ज्याला आपले मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. व्हॉल्व्ह नीट बसत नसतील तर तो सायलेन्सरवाटे किंवा कार्ब्युरेटरवाटे जातो. हेडचे पॅकिंग जळले असेल तर शेजारच्या सिलिंडरात किंवा रेडिएटरच्या पाण्यात जातो. यांतील पहिल्या कारणाचा खर्च आणि उरलेल्यांचा खर्च यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पॅकिंग बदलणे किंवा हेड उतरवून व्हॉल्व्ह घासणे हे एक-दोन दिवसांचे काम. बोअर करून नवे पिस्टन-रिंग टाकणे, क्रँक ग्राइंडिंग करणे म्हणजे ‘फुल इंजिन’, आणि त्याची किंमत पुष्कळदा गाडीच्या बाजारभावाजवळ जाते.

हा फरक ओळखण्यासाठी लागणारे साधन म्हणजे एक साधा दाबमापक. पेट्रोल गाडीचे इंजिन गरम करावे, सर्व प्लग काढावेत, इंधन व ठिणगी बंद करावी, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरवर सारखेच फेरे मारावेत. बॅटरी उतरलेली असेल किंवा अॅक्सिलरेटर दाबला नसेल तर चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी येतो, आणि निष्कारण इंजिन उघडले जाते. पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १८० पीएसआय हा निरोगी आकडा. परंतु आकड्यापेक्षा सिलिंडरांतील तफावत अधिक बोलकी. तिन्ही सिलिंडरांत १३० असेल तर ती वयाची झीज असू शकते आणि गाडी बरीच वर्षे तशीच चालू शकते. किंवा टायमिंग बेल्ट एखाद-दुसरा दाता सरकलेला असू शकतो, तेव्हा आधी तो पाहावा. दोघांत १६० आणि तिसऱ्यात ९० असेल तर दोष एका ठिकाणी आहे. त्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे: आकडा वर उसळला तर रिंगा, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकदमच पडले असतील तर संशय पॅकिंगवर. या तपासणीला तास-दीड तास लागतो, आणि ती न करता हजारो रुपयांचे निर्णय घेतले जातात, हे वास्तव आहे.

मराठवाड्यात आणखी दोन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. एक धूळ. काळ्या मातीच्या रस्त्यांवर फाटक्या एअर फिल्टरने चालवलेली गाडी बोअर लवकर खाते. तेथे रिंगांचा संशय खरा ठरण्याची शक्यता अधिक. दुसरी गॅस. पेट्रोल महाग म्हणून गॅसकिट बसवलेल्या जुन्या गाड्यांत व्हॉल्व्हच्या सीट आधी झिजतात. (घरगुती सिलिंडरवर गाडी चालवण्याचा बेकायदा व जिवावर बेतणारा प्रकार हा वेगळा विषय.) अशा गाडीला रिंगा टाकून काहीही साधत नाही.

समजा, रोग रिंगांचाच निघाला. मग हिशेब मांडावा. वर्षाला पाच हजार किलोमीटर धावणारी गाडी पंधराऐवजी बाराची सरासरी देत असेल तर सुमारे ८३ लिटर पेट्रोल जास्त जळते. मनमाडच्या डेपोपासूनच्या अंतरामुळे परभणीचे नाव २०१८ पासून राज्यातील सर्वांत महाग पेट्रोलच्या यादीत वारंवार आले. लिटरला एकशेपाच रुपये धरले तरी वर्षाला पावणेनऊ हजारांचा हा तोटा. ही रक्कम फुल इंजिनाच्या खर्चाशी ताडून पाहिली तर केवळ इंधनबचतीसाठी इंजिन बांधणे सहसा परवडत नाही, हे उघड होते. ते परवडते तेव्हा कारण दुसरेच असते: बॉडीला गंज नाही, कागद स्वच्छ आहेत, आणि नूतनीकरण नुकतेच झाल्याने पुढची पाच वर्षे हातात आहेत. साठ महिन्यांवर विभागलेला खर्च कोणत्याही नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा कमी भरतो. उलट वर्ष-सहा महिन्यांत पासिंग संपणार असेल, चेसिसला गंज असेल, तर इंजिनात पैसा ओतणे म्हणजे पडक्या वाड्याला नवे दार लावणे होय.

वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा प्रश्नही यात आहे. जुन्या गाड्यांची सरासरी त्याने काहीशी घटते, आणि रबरी नळ्या व गॅसकेट बदलावे लागू शकतात, हे सरकारनेच २०२५ मध्ये मान्य केले. पण मिस्त्री इथेनॉलला दोष देतो म्हणून कॉम्प्रेशन मोजण्याचे टाळू नये. दोन्ही तक्रारी वेगळ्या आहेत.

भंगार धोरणाचे काय? १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालेल्या या धोरणात नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के भंगारमूल्य आणि नव्या वाहनाच्या करात सवलत सुचवली आहे. नवी गाडी घेणाऱ्यासाठी ती आकर्षक आहे. ज्याला नवी घ्यायचीच नाही त्याला तिचा उपयोग शून्य. डिझेलची दहा वर्षे, पेट्रोलची पंधरा वर्षे ही मर्यादा दिल्ली परिसरापुरती आहे, मराठवाड्यात नाही. तरीही ‘आता जुन्या गाड्या बंदच होणार’ या धास्तीने चांगली गाडी मातीमोल भावाने देऊन टाकणारे लोक आहेत.

डिझेल सुमोवाल्यांना हे सारे अधिक कडक लागू होते, कारण तेथे ठिणगीच नसते, दाबाच्या उष्णतेवरच इंधन पेटते. परभणीचा पारा डिसेंबर-जानेवारीत एक आकडी झाला की पहाटे पांढरा धूर सोडत न पेटणारी सुमो ही बहुधा कॉम्प्रेशनची तक्रार असते, पण नेहमीच नव्हे. कधी ग्लो प्लग गेलेला असतो, कधी बॅटरी. ते दोन तपासून झाल्यावरच हेडच्या नटाला पाना लावू द्यावा.