इच्छेची क्रियाविशेषणे

शिष्यवृत्तीसाठी, परदेशातील प्रवेशासाठी अथवा नोकरीसाठी आपले तरुण जे इंग्रजी अर्ज लिहितात, त्यांत ‘सिन्सिअरली’, ‘ट्रूली’, ‘डीपली’ आणि हल्ली ‘जेन्युइनली’ ह्या क्रियाविशेषणांची जी खैरात आढळते, तिच्यामुळे अर्जदाराची इच्छा उत्कट न भासता उलट संशयास्पद भासू लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्जाच्या तळाशी ‘युअर्स फेथफुली’ लिहून सही ठोकणाऱ्याच्या निष्ठेची चौकशी जशी कोणी करीत नाही, तशीच ह्या शब्दांची गत झाली आहे. आणि त्याचा दोष काही अंशी शाळेत तोंडपाठ करून घेतल्या जाणाऱ्या पत्रांच्या तयार नमुन्यांकडे जातो.

तथापि क्रियाविशेषण सरसकट हद्दपार करावे, असे फर्मान काढणाऱ्यांच्या पंक्तीसही मी बसणार नाही. ब्रिटिश सरकारी नोकरांसाठी 1948 साली ‘प्लेन वर्ड्‌स’ लिहिणाऱ्या सर अर्नेस्ट गॉवर्स यांचा रोखही निरर्थक क्रियाविशेषणांवरच होता.

मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेबखात्यातील कारकून श्रीनिवास रामानुजन यांनी 16 जानेवारी 1913 रोजी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना लिहिलेले पत्र ह्या दृष्टीने अवश्य पाहावे. वार्षिक वेतन अवघे 20 पौंड, वय सुमारे 23 (वस्तुतः 25 पूर्ण झाले होते, पण ते असो), विद्यापीठीय शिक्षण नाही, ही हकीकत ते कोरडेपणाने नमूद करतात. इतकेच नव्हे तर, आपण गरीब आहो, तेव्हा प्रमेयांत काही तथ्य आढळल्यास ती प्रसिद्ध व्हावीत, ही पत्रातील मुख्य मागणीसुद्धा ते कोणत्याही भारदस्त क्रियाविशेषणाची कुबडी न घेता मांडतात. मात्र आपण अननुभवी असल्याने हार्डींचा सल्ला आपणांस मोलाचा वाटेल, असे लिहिताना ‘व्हेरी हायली’ हे दोन शब्द अवतरतात आणि ते मुळीच उपरे वाटत नाहीत. कारण सोबतच्या कागदांवर सुमारे 120 प्रमेये होती, आणि त्यांची पारख करू शकेल असा जाणकार ह्या कारकुनाला जवळपास मिळालेला नव्हता, हे त्या कागदांवरूनच उघड होते.

आमच्या अर्जदारांनीही प्रथम आपणांस कोणता प्रश्न अडला आहे, त्यासाठी आजवर काय वाचले व काय करून पाहिले, आणि त्याच प्रयोगशाळेत वा त्याच प्राध्यापकांकडे का जावयाचे आहे, हा मजकूर लिहून काढावा. एवढे झाल्यावर एखादे ‘व्हेरी मच’ शिल्लक उरलेच, तर ते खुशाल राहू द्यावे, परीक्षक त्याला हरकत घेणार नाहीत.