अवघड होल आणि अभेद्य किल्ला

गोल्फचा खेळ आपल्या मालवण किनाऱ्यावर फारसा परिचित नाहीं. भारतांत मात्र तो जुना आहे. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबाची स्थापना १८२९ सालीं झाली. खेळाचें स्वरूप साधें आहे. विस्तीर्ण मैदानांत काठीनें चेंडू मारीत तो दूरच्या लहानशा भोंकांत घालावयाचा. जो कमीत कमी फटक्यांत घालील तो जिंकला. आरंभापासून भोंकापर्यंतच्या एकेका टप्प्यास 'होल' म्हणतात, आणि असे अठरा होल मिळून पुरा डाव होतो. असा होल अवघड कसा करावा, या प्रश्नाचा विचार करूं लागलें असतां आपल्या सिंधुदुर्गाची आठवण सहजच होते.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ बेरिक येथील पंधराव्या होलास 'रेडान' असें नांव आहे. क्रिमियाच्या युद्धांत सेव्हास्तोपोलच्या तटबंदींत रेडान नांवाचें एक कोनाकृति ठाणें होतें. १८५५ सालीं इंग्रजांनीं त्यावर दोनदां हल्ला केला व दोन्ही वेळां त्यांस मागें हटावें लागलें. हा होल सुमारें १९० यार्डांचा, म्हणजे एका फटक्याच्या टप्प्यांतला. परंतु मध्यें उंचवटा असल्यामुळें भोंकाभोंवतालची हिरवळ नीट दिसत नाहीं. ती तिरपी पसरली असून उजवीकडून डावीकडे, मागें उतरत गेली आहे. तिच्या पुढें डाव्या अंगास वाळूचा खोल खड्डा आहे. जो थेट निशाणाच्या रोखें मारील, तो तिळभर चुकला तरी त्या खड्ड्यांत सांपडतो. विचारी खेळाडू चेंडू उजवीकडे टाकतो, आणि तेथील उतारच तो निशाणाकडे वाहून नेतो.

आतां आपला किल्ला पाहा. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर त्याचें बांधकाम आरंभिलें व तें तीन वर्षांत पुरें झालें. भोंवतालच्या समुद्रांत खडक असल्यामुळें जाणत्या नावाड्यावांचून जवळ येणें कठीण. आणि महाद्वार तर बुरुजांच्या वळणांत असें दडविलें आहे कीं, परक्यास तें दुरून दिसत नाहीं. दोन्ही ठिकाणीं मर्म एकच आहे: जी वाट सरळ दिसते तिच्यांत धोका आहे, आणि खरी वाट भूमीची ओळख करून घेणारासच सांपडते.

तथापि एक मोठा भेद आहे. किल्ला शत्रूस बाहेर ठेवण्यासाठीं असतो. होल खेळणारास अखेर आंत घेण्यासाठीं असतो. पूर्वीं पुष्कळ ठिकाणीं सबंध वाटेवर आडवे खड्डे खणीत. बलवान ते ओलांडी, दुर्बळ त्यांत पडे, आणि बुद्धीस कांहींच काम उरत नसे. अशा रचनेस अवघड म्हणण्यापेक्षां निष्ठुर म्हणणें बरें. अमेरिकेंत १९३३ सालीं सुरू झालेलें ऑगस्टाचें मैदान मॅकेन्झी व बॉबी जोन्स यांनीं निराळ्या विचारानें रचलें. तेथील तेराव्या होलावर हिरवळीपुढें ओढा वाहतो. धाडसी खेळाडू दुसऱ्याच फटक्यांत तो ओलांडूं पाहतो. सावध खेळाडू अलीकडे थांबून तिसऱ्या फटक्यांत पलीकडे जातो. वाट दोघांसही आहे, किंमत मात्र निरनिराळी.

आमच्या मतें हीच अवघडपणाची खरी कसोटी होय, व ती शाळेसही लागू पडते. पालकांनीं मुलाच्या वाटेंतील प्रत्येक खड्डा बुजवूं नये. सपाट मैदानावर कोणाचीच पारख होत नाहीं. उलट, एका दिवसाच्या अपयशानें मुलाचें सबंध वर्ष बुडेल अशी परीक्षा म्हणजे वाटभर खणलेला खड्डाच. मंद मुलास लांबची वाट मोकळी असली पाहिजे. त्यास दोन फटके अधिक लागतील, पण तोही पोंचेल. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हीं मात्र फटका मारण्यापूर्वीं क्षणभर थांबून उतार कोणीकडे आहे तें पाहावें.