मोजणीदार कोणाच्या गाडीतून उतरतो?

माझ्या पहिल्या स्वतंत्र मोजणीच्या दिवशी मी एका पांढऱ्या जीपमधून शेतात उतरलो. गाडी अर्जदाराची होती. पुढच्या सीटवर मी, मांडीवर रोव्हरची पेटी. मागे अर्जदार, त्याचा मेव्हणा, दोन मजूर आणि चुन्याचं पोतं. सामायिक बांधावर अर्जदाराचा चुलता आधीच येऊन बसला होता. सत्तरीचा माणूस. सगळे त्याला आबा म्हणायचे. त्याने मला रामराम केला, गाडीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "सायेब, तुमी कुनाच्या गाडीतनं उतरलात ते समद्या शिवारानं बघितलं. आता दगड कुटं पडायचा ते कशाला मोजताय?"

मला राग आला. मी कोणाचा एक रुपया घेतला नव्हता. अभ्यास करून, परीक्षा देऊन, मेरिटने लागलो होतो. पण आबांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि पुढे अडीच वर्षं नोकरी करूनही ते सापडलं नाही. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

२०२५च्या शेवटी भूमी अभिलेख विभागाने भूकरमापकाच्या ९०३ जागा काढल्या. सिव्हिलचा डिप्लोमा किंवा दहावीनंतर सर्वेअरचा आयटीआय, पगार १९,९०० ते ६३,२०० या श्रेणीत. हे वाचणाऱ्यांपैकी काहींनी तो फॉर्म भरला असेल. काहींच्या घरी मोजणीचा अर्ज पडून असेल आणि ते या खात्याला शिव्या देत असतील. दोघांनाही मला एकच गोष्ट सांगायची आहे. मोजणीतला मुख्य रोग लाच हा नाही. लाच फार नंतर येते. त्याआधी मिंधेपण येतं, आणि ते कोणाच्या स्वभावातून येत नाही, कामाच्या पद्धतीतून येतं.

चुना कोणाचा, जेवण कोणाचं

तुम्ही मोजणीचा अर्ज करता, फी भरता, तुमच्या प्रकरणाला मोजणी रजिस्टरचा नंबर पडतो. मग तुम्हाला आणि तुमच्या चारी बाजूंच्या लगतधारकांना नोटीस जाते: अमुक तारखेला मोजणी आहे, हजर राहा. आमच्या नोटिशीत अर्जदाराला आणखी एक सूचना असायची. मजूर, चुना, खुंट्या, हद्दीचे दगड यांची सोय आपण करायची. म्हणजे टेपचं दुसरं टोक धरणारा माणूस अर्जदाराचा. झुडपं तोडणारा अर्जदाराचा. खुणेवर चुना टाकणारा हातही अर्जदाराचा.

गाडीबद्दल नोटिशीत काही लिहिलेलं नसायचं. तिची गरजच नव्हती. कार्यालयापासून गाव पस्तीस किलोमीटर, गावापासून शेत चार किलोमीटर, मध्ये ओढा. सोबत रोव्हर, काठी, ट्रायपॉड, नकाशांची गुंडाळी. महिन्याला जो ठरावीक प्रवासभत्ता मिळायचा तो पेट्रोलच्या भावापुढे पहिल्या आठवड्यातच संपायचा. त्यामुळे मोजणीच्या सकाळी कार्यालयाच्या दारात अर्जदाराची गाडी उभी असणं हे इतकं रुळलेलं होतं की कोणाला त्यात खटकत नव्हतं. दुपारी दोन वाजले की शेतात दुसरं खायला काही नसतं. मग अर्जदाराच्या घरची भाकरी. संध्याकाळी परत सोडायला पुन्हा तीच गाडी.

आता हे सगळं दुसऱ्या बांधावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी बघा. त्याला फक्त नोटीस मिळालेली आहे. ज्याच्याशी त्याचं वैर आहे, त्याच्या गाडीतून सरकार उतरतं, त्याचीच भाकरी खातं, त्याच्याच मजुरांकडून चुन्याची रेघ ओढून घेतं आणि शेवटी त्याला म्हणतं, इथे सही करा. कोर्टात न्यायाधीश एका पक्षकाराच्या गाडीतून आला तर केवढा गदारोळ होईल. बांधावर रोज हेच घडतं आणि आपण म्हणतो, खेड्यातली माणसं संशयी असतात.

लाचखोरी नाही असं मी म्हणत नाही. सापळे लागतात, बातम्या येतात, त्या खऱ्या असतात. माझ्या नोकरीत मी पाकिटं पाहिली आहेत. पण नवीन पोराच्या हातात पहिल्या दिवशी कोणी पाकीट देत नाही. पहिल्या दिवशी गाडीचं दार उघडून देतात, दुसऱ्या दिवशी घरी जेवायला बोलावतात, तिसऱ्यांदा म्हणतात, "साहेब, तुमच्या पोरासाठी गावरान तूप ठेवलंय." चौथ्यांदा जे येतं ते नाकारायला तोंड उरलेलं नसतं. पकडायचं असेल तर चौथा दिवस पकडा, पण पहिला दिवस सरकारनेच लावून दिलेला आहे.

यंत्र आलं, आता काय अडचण?

या तक्रारीवर सरकारचं आवडतं उत्तर यंत्र हे आहे. आधी प्लेन टेबल, मग ईटीएस, आता रोव्हर. राज्यभर कॉर्स स्थानकं उभी राहिली, त्यांच्या आधाराने रोव्हर सेंटिमीटरच्या हिशेबात जागा सांगतो. पूर्वी दिवसभर चालणारी मोजणी तासाभरात उरकते. हे खरं आहे आणि चांगलं आहे. मी यंत्राच्या विरोधात नाही. त्याने माझी पाठ वाचवली.

पण रोव्हर फक्त एवढंच सांगतो की तुम्ही आत्ता पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहात. तुमची हद्द कुठे आहे हे त्याला माहीत नसतं. ते जुन्या अभिलेखात असतं आणि अभिलेख इंग्रजांच्या काळापासून चालत आला आहे. १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात ज्या पद्धतीची सुरुवात केली, तिचीच ही वंशावळ. मुंबई इलाख्यात जमीन ३३ फुटी साखळीने मोजली जायची आणि साखळीचे १६ आणे पाडलेले असायचे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. आजही जुनं टिपण उघडलं की त्यावर साखळ्या आणि आण्यांचे आकडे दिसतात.

टिपण हे हाताने काढलेलं कच्चं रेखाटन असतं. ते प्रमाणात नसतं, पण त्यावर प्रत्यक्ष मोजलेली अंतरं असतात. गावनकाशा प्रमाणात असतो, पण त्यावर सगळी अंतरं नसतात. समजा नकाशाचं प्रमाण १:५००० आहे आणि पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड आहे. ती रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद होते. म्हणजे रोव्हर सेंटिमीटरमध्ये बोलतो आणि नकाशा मीटरमध्ये. या दोघांमध्ये जो माणूस उभा असतो त्याने जुना दगड शोधायचा, टिपणावरची अंतरं जुळवायची, विहीर, ओढा, शिवेवरचं झाड यांवरून ताळा घ्यायचा, एकत्रीकरणात गट पडताना काय झालं ते बघायचं आणि मग ठरवायचं की अभिलेखातली रेघ या मातीत कुठे बसते. वहिवाट एकीकडे, अभिलेख दुसरीकडे. नांगराच्या एकेका तासाने बांध कोरत कोरत वीस वर्षांत चार फूट सरकलेला असतो आणि दोन्ही भावांना खरोखरच वाटत असतं की तो पहिल्यापासून तिथेच आहे.

हे वाचन शिकायला वर्षं जातात. माझ्या कार्यालयात ते उत्तम येणारे एक निमतानदार होते, निवृत्तीला आलेले. टिपणावर नुसता हात फिरवून ते म्हणायचे, "हा आकडा नकलताना चुकलाय, मूळ बघ." मूळ बघितलं की खरंच चुकलेला असायचा. त्यांच्याजवळ बसायला मला आठवड्यातून एक दुपार मिळायची, कारण बाकीचे दिवस प्रकरणांचा आकडा गाठण्यात जायचे. मला रोव्हर चालवायचं प्रशिक्षण मिळालं. टिपण वाचायचं कोणी शिकवलं नाही.

चार पट फी आणि खासगी साहेब

डिसेंबर २०२४पासून मोजणीचे दोन प्रकार झाले: नियमित आणि द्रुतगती. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंतच्या जमिनीला नियमितची फी २,००० रुपये, द्रुतगतीची ८,०००. माणसं तीच, यंत्रं तीच, महिन्याचे दिवस तेच. मग द्रुतगतीचं प्रकरण पुढे जातं म्हणजे काय होतं? नियमितचं मागे जातं. ज्याच्याकडे जास्तीचे सहा हजार नाहीत त्याचा वेळ कापून ज्याच्याकडे आहेत त्याला दिला जातो. आणि एवढे पैसे घेऊनही मोजणीदार जातो तो अर्जदाराच्याच गाडीतून. सहा हजारांत तालुक्याच्या गावी दिवसभरासाठी जीप भाड्याने मिळते आणि वर पैसे उरतात.

२०२५मध्ये सरकारने पुढचं पाऊल जाहीर केलं. परवानाधारक खासगी भूमापक मोजणी करतील, खात्याचे अधिकारी ती तपासून प्रमाणित करतील. शेजारच्या कर्नाटकात परवानाधारक भूमापक बरीच वर्षं काम करतात, तेव्हा हे काही आकाशातून पडलेलं नाही. तुंबलेली प्रकरणं यामुळे हलतील, हेही मी मान्य करतो. ज्याची वाटणी मोजणीवाचून अडली आहे त्याला तत्त्वं सांगत बसण्यात अर्थ नाही.

पण आबांचा प्रश्न इथे आणखी टोकदार होतो. माझी गाडी अर्जदाराची होती, पगार तरी सरकारचा होता. खासगी भूमापकाला काम आणून देणारा अर्जदारच असणार. ज्याच्या मोजणीत अर्जदार हरतात त्याच्याकडे गिऱ्हाईक किती दिवस येईल? फी सरकारी खिडकीतून फिरून आली तरी गावात कोणाकडे गेलं की "काम होतं" हे सहा महिन्यांत सगळ्यांना कळेल. आणि प्रमाणित करणारा अधिकारी कार्यालयात बसून स्क्रीनवर आकृती पाहणार. बांधावरचा आबा त्याला स्क्रीनवर दिसणार नाही.

पैसे नाहीत, हे खोटं आहे

मी मागतो ते फार नाही. मोजणीच्या दिवशी मोजणीदाराने सरकारच्या गाडीतून जावं. एका गावाची प्रकरणं एकाच दिवशी लावली तर एका गाडीत चार मोजण्या होतात. टेप धरणारा आणि चुना टाकणारा माणूस खात्याचा असावा. त्याचा खर्च फीमध्ये धरावा, म्हणजे आज अर्जदार जो खर्च वेगळा करतो तोच पावतीवर येईल. नवीन भूकरमापकाने पहिले सहा महिने स्वतंत्र मोजणी न करता अनुभवी माणसाबरोबर टिपणं वाचावीत. आणि कोणाचं प्रकरण कितव्या नंबरवर आहे, कोणाचं कशामुळे पुढे गेलं, हे प्रत्येकाला आपल्या मोबाइलवर दिसावं.

यातल्या एकाही गोष्टीला उपग्रह लागत नाही. लागतो तो जीपचा खर्च. हजारो पोरांना भरतीच्या रांगेत उभं करणाऱ्या आणि रोव्हर विकत घेणाऱ्या सरकारला जीप परवडत नाही, यावर माझा विश्वास नाही. न परवडणारी गोष्ट वेगळी आहे. अर्जदाराने गाडी आणली की खर्च वाचतो आणि दोषही मोजणीदाराच्या नावावर जातो. ही सोय सोडायला कोणी तयार नाही.

फॉर्म भरलेल्या मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आम्ही आमच्या बाइकवर जाऊ. मीही तेच ठरवलं होतं. आबांच्या त्या दिवसानंतर चार महिने मी स्वतःच्या बाइकवर गेलो, डबा घरून नेला. पेट्रोल पगारातून. पावसाळ्यात ओढ्याच्या अलीकडे बाइक लावून रोव्हरची पेटी डोक्यावर घेऊन चालत गेलो. सहकारी हसले, साहेब म्हणाले, "महिन्याला किती प्रकरणं केलीस?" पाचव्या महिन्यात घरी आई आजारी पडली, दवाखान्याचा खर्च निघाला आणि मी पुन्हा गाडीत बसलो. प्रामाणिक राहण्याचा खर्च ज्याने त्याने पगारातून करायचा असेल तर बहुतेक जण कधी ना कधी गाडीत बसतील. त्यानंतर दोन वर्षांनी दुसऱ्या खात्याची परीक्षा निघाली आणि मी ही नोकरी सोडली. टिपण वाचायला जेमतेम शिकलो होतो, ते माझ्याबरोबर गेलं.

आबांच्या मोजणीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. पुतण्याचं म्हणणं होतं की चुलत्याने त्याचे तीन गुंठे दाबले आहेत. निमतानदारांबरोबर बसून मी टिपण आणि वहिवाट जुळवली. उलटंच निघालं. पुतण्याचाच नांगर आबांच्या गटात दीड गुंठा आत गेला होता. दुसऱ्या तारखेला मी हद्द दाखवली, खुणा केल्या. पुतण्या तणतणत गाडीत जाऊन बसला. मला वाटलं, आबा खूश होतील.

आबांनी चुन्याच्या रेघेकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "ह्यात कायतरी डाव हाय," आणि सही करायला नकार दिला. पुढच्या महिन्यात त्यांनी निमताना मोजणीचा अर्ज केला, स्वतःच्या बाजूने लागलेल्या मोजणीविरुद्ध, स्वतःच्या खिशातून फी भरून. अर्जाच्या कारणात कारकुनाने लिहिलं होतं, मोजणी मान्य नाही. आबांनी तोंडी काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. मी आलो होतो त्याच गाडीतून परत गेलो होतो.