पाटी नको, जिन्नस सांगा

पॅलिओ आहार पाळणारा माणूस घरी निर्धास्त असतो. धान्य, डाळी-कडधान्यं, दूध-दही, साखर आणि रिफाइंड तेल वर्ज्य. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं आणि सुकामेवा चालतो. स्वतःच्या ओट्यावर एवढं सांभाळणं अवघड नाही. अडचण सुरू होते ती घराबाहेर पडल्यावर. मग फोनवर पॅलिओ हॉटेलांचा शोध सुरू होतो. मोठ्या शहरात सॅलड आणि ग्रिल्ड चिकन देणारी काही महागडी कॅफे सापडतात. धुळ्याला किंवा चिपळूणला उतरलं की तीही सापडत नाहीत. माझ्या मते हा शोधच चुकीच्या दिशेने चालला आहे. पॅलिओची पाटी लावलेलं हॉटेल शोधण्यापेक्षा, पदार्थात काय काय पडलं आहे हे सांगू शकणारं स्वयंपाकघर शोधावं. तशी स्वयंपाकघरं महाराष्ट्रात आणि गोव्यात पुष्कळ आहेत, आणि ती बहुधा साध्या खाणावळींची असतात.

पाटीवर विसंबू नये याचं एक कारण या आहाराच्या इतिहासातच आहे. 1985 साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अश्मयुगीन आहारावर लेख लिहिला. 2002 साली लॉरेन कॉर्डेन यांचं पुस्तक आलं आणि ही कल्पना जगभर पसरली. पुरातत्त्वाला मात्र अश्मयुग तितकं सरळ दिसलेलं नाही. इटली, रशिया आणि चेक प्रजासत्ताकातल्या सुमारे 30,000 वर्षांपूर्वीच्या वाटण-दगडांवर वनस्पतींच्या पिठाचे कण सापडले. जॉर्डनमध्ये सुमारे 14,400 वर्षांपूर्वीच्या, म्हणजे शेतीच्याही आधीच्या, भाकरीचे जळके तुकडे मिळाले. आणि ज्या मिरची-टोमॅटोशिवाय आपला रस्सा होत नाही, ती दोन्ही अमेरिका खंडातून इकडे येऊन जेमतेम पाचशे वर्षं झाली. तेव्हा अस्सल आदिमानवी जेवण कुणीच वाढू शकत नाही. हाती उरते ती वर्ज्य जिन्नसांची यादी, आणि तीही माणसागणिक बदलते. कुणाला तूप चालतं, कुणाला बटाटा. तामिळनाडूत याच नावाने पसरलेल्या आहारात तर पनीर आणि लोणीही बसतं. इतक्या तऱ्हा असताना एका पाटीने ग्राहकाला काय कळणार?

यादी पाळून वाढणं आपल्या हॉटेलांना नवीन नाही. मुंबईत पावभाजीच्या गाडीवर ‘जैन’ एवढं म्हटलं की कांदा, लसूण, बटाटा बाजूला होतो आणि बटाट्याच्या जागी कच्चं केळं येतं. एकादशी-चतुर्थीला उपवासाचं ताट मागणाऱ्याला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. त्या ताटातला साबुदाणा, वरई आणि शेंगदाणा पॅलिओवाल्याच्या कामाचा नाही, हे खरं. पण एखादा जिन्नस वगळून रांधायची शिस्त तीच आहे. वर्षानुवर्षं लोक नेमका जिन्नस सांगून मागत राहिले, म्हणून ती शिस्त रुजली.

आता स्वयंपाकघरात डोकावू, कारण खरा फरक तिथे पडतो. मोठ्या मेनूच्या हॉटेलात लाल आणि पांढरी ग्रेव्ही सकाळीच पातेलंभर तयार होते. तिच्यात काजू, मगज, कधी दूध पावडर, कधी दाटपणासाठी मैदा किंवा कॉर्नफ्लोअर असतं. ऑर्डर आली की त्यात चिकन नाहीतर पनीर पडतं आणि वर नाव बदलतं. अशा ठिकाणी ‘मैदा नको’ म्हणून उपयोग नाही, कारण तो केव्हाच शिजून गेलेला असतो. मालवणी खाणावळीत गोष्ट वेगळी. सुरमई तव्यावर जायच्या आधी तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवली जाते, आणि ती न घोळवता फक्त मसाला लावून द्या म्हटलं की काम झालं. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, आमसूल आणि नारळाच्या दुधाची सोलकढी हे सगळं मुळातच पॅलिओत बसतं. कोल्हापूरचा पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्यावर, नारळाचं दूध, खसखस आणि तिळावर उभा असतो. भाकरी आणि भात बाजूला ठेवला तर उरलेलं ताट तसंही भरलेलंच असतं. तरी काही ठिकाणी सावध राहावं लागतं. बाजारातल्या बांधानी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. शेंगदाण्याचं कूट आपण भरल्या वांग्यापासून कोशिंबिरीपर्यंत कुठेही घालतो, आणि शेंगदाणा हे कडधान्याचंच भावंड. तंदुरी चिकन दह्यात मुरवलेलं असतं. तेल तर विचारल्याशिवाय कळतच नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे: कुणाच्या हौसेखातर खाणावळीच्या बाईने उलटतपासणी का सोसावी? हौस म्हणूनच विचार केला तर सोसू नये. पण हेच प्रश्न सिलिअॅक आजार असलेल्या मुलाच्या आईलाही विचारावे लागतात, आणि तिथे चिमूटभर हिंगातलं पीठसुद्धा आतड्याला इजा करतं. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्याच्या तर जिवावर बेततं. उत्तर एकदा तयार असलं की ते सगळ्यांच्याच उपयोगी पडतं. मात्र इथे पॅलिओवाल्यांवरही एक जबाबदारी येते. आपल्या पसंतीला अॅलर्जी म्हणू नये. गहू चालत नाही असं सांगून शेवटी गुलाबजाम मागवणारा ग्राहक स्वयंपाक्याला शिकवतो की हे लोक उगाच सांगतात. त्याचा भुर्दंड पुढच्या खऱ्या रुग्णाला पडतो. ‘मी खात नाही’ एवढं पुरे असतं.

दुसरा आक्षेप कायद्याचा: हे सांगायला नियम नाहीत का? आहेत. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनी दहा किंवा त्याहून अधिक शाखा असलेल्या हॉटेलांवर पदार्थासमोर उष्मांक लिहिण्याची आणि अॅलर्जीकारक घटकांची माहिती देण्याची सक्ती केली. युरोपीय संघात डिसेंबर 2014 पासून सुट्या, शिजवलेल्या अन्नासाठीही 14 अॅलर्जीकारक घटक सांगावे लागतात, मग हॉटेल केवढंही असो. आपल्याकडे छोटी खाणावळ या सक्तीच्या बाहेर राहते, आणि साखळी हॉटेलातला उष्मांकाचा आकडा तेल पामचं की शेंगदाण्याचं हे सांगत नाही. छोट्या धंद्यावर आणखी कागदपत्रं लादावीत असं मी म्हणणार नाही. उष्मांक काढायला मोजमाप आणि हिशेब लागतो; तेल कोणतं आणि पीठ कोणतं हे रांधणाऱ्याला ठाऊकच असतं.

प्रवासात मात्र विचारायलाही वेळ नसतो. एसटीच्या थांब्यावर वडा, मिसळ आणि भजी, म्हणजे बेसन, मटकी आणि कढईतलं तेल. तिथे उकडलेली अंडी, केळी, काकडी आणि शहाळं यांवर एक वेळ निभते. शाकाहारी माणसाची अडचण याहून मोठी आहे. डाळ आणि दूध दोन्ही काढलं की आपल्या शाकाहारी ताटात प्रथिनं देणारं फारसं काही राहत नाही. त्याने प्रवासापुरती तरी यादी सैल करावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

हॉटेलचालकांच्या संघटनांनी ठरवलं तर सुरुवात सरकारची वाट न पाहता होऊ शकते. तेल कोणतं, पीठ कुठल्या पदार्थात, शेंगदाणा कुठल्या पदार्थात, एवढ्या तीनच ओळी दर्शनी भागात लिहाव्यात. छापील मेनूचीही गरज नाही. कोकणातल्या कितीतरी खाणावळी आज कोणती मासळी आली ते रोज खडूने फळ्यावर लिहितात. त्याच फळ्यावर या तीन ओळी मावतात.