पांढरीची माती ट्रॉलीत भरण्यापूर्वी

रब्बीची खळी उरकली की गावोगाव ट्रॅक्टर-ट्रॉल्या मातीच्या मागे लागतात. कुणी तळ्यातला गाळ ओढतो, कुणी ओढ्याकाठचा पोयटा. नदीकाठच्या गावात मग एखादा जाणता म्हणतो, "पांढरीच्या टेकाडाची माती आणा, तिच्यासारखं खत नाही." तो खोटं बोलत नाही. राख, शेण, हाडं, पडलेल्या भिंती, असं सगळं शेकडो वर्षं एकावर एक कुजत गेलं आणि ती माती पांढरी झाली. आपल्या आज्या-पणज्यांनी माळवदावर हीच माती अंथरली. फरक एवढाच की तेव्हा ती पाटीनं जायची, आता जेसीबीनं जाते. पाटीनं जे दोन पिढ्यांत झालं नाही ते हे यंत्र दुपारच्या भाकरीच्या आत उरकतं.

कसायच्या जमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणणारी आपली भाषा आहे. म्हणजे जिथं पांढर आहे तिथं कधीतरी गाव होतं, हे आपल्याला शाळेत न जाताही ठाऊक होतं. किती जुनं गाव, एवढंच ठाऊक नव्हतं.

आपल्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचंच घ्या. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे आहे. १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी तिथं उत्खनन केलं. लाल रंगावर काळी नक्षी काढलेली, वाजवली तर खणखणणारी भांडी निघाली. पुढं तशीच खापरं महाराष्ट्रात जिथं जिथं सापडली, त्या साऱ्या संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' हेच नाव पडलं. साधारण तीन हजार वर्षांमागचे हे शेतकरी. जगातल्या पुरातत्त्वाच्या ग्रंथांत आपल्या एका खेड्याचं नाव आहे, आणि आपल्यातल्या किती जणांनी ते टेकाड पाहिलं आहे?

श्रीगोंद्याला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात घोडनदीवर इनामगाव आहे. १९६८ पासून दहा-बारा हंगाम पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथं खोदकाम केलं. शंभराहून जास्त घरं उघडी झाली. जव, गहू, मसूर, हुलगा यांचे जळके दाणे मिळाले. पुराचं पाणी वळवायला खोदलेला पाट आणि त्याच्या कडेचा बांधही मिळाला. पाटपाण्याचं राजकारण आपल्याकडं काही कालपरवाचं नाही म्हणायचं! घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून पुरलेली असत आणि आत दगावलेलं लेकरू. आईबापांनी पोराला गावाबाहेर जाऊ दिलं नाही, उंबऱ्याच्या आतच ठेवलं.

याच टेकाडात वरच्या थरांकडं येऊ लागलं की चित्र पालटतं. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास ऐसपैस चौकोनी घरं जातात आणि लहान गोल झोपड्या येतात. शेती आखडते, गुरं-शेळ्या राखणं आणि शिकार वाढते. डॉ. म. के. ढवळीकरांनी त्याचं कारण पाऊस कमी होत गेला असं मांडलं. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही, पण बाहत्तरचा दुष्काळ ज्यांनी काढला त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपास ते गाव उठलं. हे सारं कळलं ते थर शाबूत होते म्हणून. थर म्हणजे जमिनीचे फेरफार समजा. खालची नोंद वर आणि वरची खाली झाली, की कुणाच्या बापालाही वारस लावता येत नाही.

दायमाबादची गोष्ट त्यासाठीच सांगायची. प्रवरेच्या डाव्या तीरावरचं हे उजाड गाव. १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना तिथं ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैल जुंपलेला रथ. रथात सोळा सेंटिमीटर उंचीचा गाडीवान ताठ उभा आहे. देशात तोड नाही अशी ही कारागिरी. त्या माणसाचा यात काडीचा दोष नाही. त्यानं मूळ खणलं, आणि वस्तू वितळून भांड्यांच्या भावात गेल्या नाहीत हे आपलं भाग्यच. पण त्या नेमक्या कोणत्या थरातून आल्या याचा पुरावा खणतानाच गेला. पुढं पुरातत्त्व खात्यानं १९७९ पर्यंत तिथं खोदून पाच काळांच्या वस्त्या एकावर एक दाखवल्या, तरी ही चार चित्रं त्यांपैकी नक्की कुणाची, हा वाद अजून मिटलेला नाही. सातबारा हाती आहे, पण त्यावर गट नंबर नाही, असं झालं.

आणि ही गावं एकलकोंडी होती असंही समजू नका. इनामगावात समुद्राच्या शंखाच्या वस्तू निघाल्या, आणि शंख काही घोडनदीत होत नाही. नेवाशाला, जिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच गावाच्या टेकाडात, पुढच्या सातवाहन काळाच्या थरांत रोमन मद्याच्या उंच, दोन कानांच्या रांजणांची खापरं मिळाली. शेजारचं पैठण आणि धाराशिवकडचं तेर यांची नावं इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवहीत आहेत. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड आणि तेरहून सुती कापड गाड्यांत घालून भडोच बंदरावर जाई, असं तो लिहितो. भडोच ते पैठण वीस दिवसांची वाट. आपल्या कापसाला परदेशी गिऱ्हाईक तेव्हाही होतं. भाव कोण ठरवत होतं, ते मात्र त्यानं लिहून ठेवलेलं नाही.

आता मुद्द्याचं. "मग आम्ही आमच्या रानातलं ढेकूळही हलवायचं नाही का?" असं तुम्ही विचाराल. रास्त प्रश्न आहे. नेहमीच्या औतानं वरच्या वीतभराचं जे व्हायचं ते कधीच होऊन गेलंय. प्रश्न टेकाड कापून सपाट करण्याचा आहे. ज्या जागा सरकारनं संरक्षित केल्या तिथं बंधनं आहेत आणि ती जाचक वाटतात, हे आम्ही नाकारत नाही. पण बहुतेक टेकाडं कुणाच्याच यादीत नाहीत, आणि धोका त्यांनाच आहे. सरकारी खात्यांचीही कसूर यात थोडी नाही. टेकाडावर फलक नाही, गावाला माहिती नाही, आणि गुन्ह्याची भाषा मात्र आधी.

वस्तू सापडली तर ती दडवू नका. सरकार फुकट नेईल ही भीती पुरती खरी नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणं दहा रुपयांवर किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. मूळ मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर सापडणाऱ्याचा तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाचा एक चतुर्थांश हिस्सा ठरलेला आहे. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि तिचा पाचवा भाग वर देऊन घेता येते. सापडणाऱ्यानं लपवलं तर मात्र हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

तलाठी भाऊसाहेबांना (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) आमचं सांगणं असं, की मातीच्या परवान्याचं काम पाहताना गट कोणता एवढंच पाहू नका, माती कोणती तेही पाहा. पांढरी असेल, खापरं दिसत असतील, तर परवाना थांबवायला सांगून तहसीलदारांमार्फत पुरातत्त्व संचालनालयाला कळवा. सरपंचांनी गावच्या टेकाडाचा ठराव करून घ्यावा. आणि खताची गरज खरी आहे म्हणून २०१७ पासूनच्या गाळमुक्त धरण योजनेतला गाळ त्याच लोकांच्या रानात आधी पोचवावा. नुसती मनाई करून कुणाचं पीक येत नाही. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घेतला तर बरं. जून लागायच्या आत ट्रॉल्यांच्या खेपा व्हायच्या असतात.